घोडेचोर डिक टर्पिनचा लोकनायक कुणी केला?

खडीसाखर:
उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कला सेंट जॉर्ज चर्चच्या जुन्या दफनभूमीत डिक टर्पिनच्या नावाचा दगड आहे. त्यावर चक्क 'कुख्यात वाटमाऱ्या आणि घोडेचोर' असं कोरलंय. तरी लोक हौसेनं फोटो काढतात (मीही काढला). इंग्रजांच्या मनातला टर्पिन म्हणजे तिकोनी टोपी, ब्लॅक बेस नावाची काळी घोडी आणि एका दमात लंडन ते यॉर्क दौड. खरा टर्पिन एसेक्सचा खाटीक. १७३५ साली त्याच्या टोळीनं एजवेअरला सत्तरीच्या जोसेफ लॉरेन्सला बडवलं, चुलीवरची किटली त्याच्या डोक्यावर ओतली, म्हाताऱ्याला उघड्यानं विस्तवावर बसवलं. का, तर पैसे कुठे ठेवलेत ते सांग. दोन वर्षांनी एपिंगच्या जंगलात एकाला गोळी घातली. अशा माणसाचा हिरो झाला तो १८३४ च्या 'रुकवुड' कादंबरीमुळे. सगळी लबाडी लेखक एन्सवर्थची.

उगाच_वाटसरू:
असहमत. एन्सवर्थनं फक्त मोट बांधली. दौडीची आख्यायिका आधीपासून होती, पण 'स्विफ्ट निक' नेव्हिसन या टर्पिनच्या आधीच्या वाटमाऱ्याच्या नावावर. १६७६ मध्ये पहाटे पार लंडनपलीकडच्या केंटमध्ये लूट केली आणि त्याच संध्याकाळी यॉर्कमध्ये लॉर्ड मेयरसमोर हजर. म्हणजे चोर मी नव्हेच! आणि टर्पिननं शेवट असा रंगवला की लोक विसरणं शक्य नव्हतं. नवा कोट, नवे जोडे, शोक करायला भाड्याची पाच माणसं. ७ एप्रिल १७३९ ला जल्लादाशी अर्धा तास गप्पा मारून शिडीवरून स्वतःच उडी टाकली.

खडीसाखर:
म्हणजे मरताना रुबाब केला की लॉरेन्सच्या अंगावरचे फोड बरे होतात?

उगाच_वाटसरू:
होत नाहीत. पण फाशी हजारोंनी पाहिली, लॉरेन्सचं स्वयंपाकघर कुणी पाहिलं?

चष्मा_विसरलो:
तुम्ही दोघं खरी गंमत सोडून भांडताय. 'जॉन पामर' नावानं यॉर्कशायरात लपलेला हा गडी भर रस्त्यात दुसऱ्याचा कोंबडा गोळीनं उडवतो आणि आत जातो. तुरुंगातून बहिणीच्या नवऱ्याला पत्र टाकतो. तेव्हा टपालखर्च पत्र घेणाऱ्यानं द्यायचा. दाजींनी नकार दिला. पत्र सॅफ्रन वॉल्डनच्या टपाल कचेरीत पडून राहिलं आणि तिथं जेम्स स्मिथनं अक्षर ओळखलं. यानंच टर्पिनला लिहायला शिकवलेलं! मास्तर यॉर्कला जाऊन ओळख पटवून आले, २०० पौंड बक्षीसही मिळालं. अख्खी दौड ओवाळून टाकावी अशी गोष्ट आहे ही.

उगाच_वाटसरू:
आहे खरी. पण तिच्यातला हिरो मास्तर, त्यातही चुगली करून पैसे घेणारा. त्याच्यावर पोवाडा कोण रचणार?

खडीसाखर:
बरं, अर्धी माघार. एकट्या एन्सवर्थचं पाप नाही. पण त्याच्या कादंबरीत रडू येतं ते यॉर्कच्या वेशीवर ऊर फुटून मरणाऱ्या घोडीसाठी, टर्पिनसाठी नाही. आणि ज्याला घोडेचोरीसाठी फासावर चढवला, त्यालाच लोकांनी असली घोडी बहाल करावी?

चष्मा_विसरलो:
बहाल कसली! तीही कुणाच्या तरी तबेल्यातून सोडून आणलेली असणार.