३७७ कोर्टाने घालवलं. लोकांना विचारलं असतं तर?

काठावरचा
६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने खाजगीत ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. निकाल मला पटला. पण एक खडा तेव्हापासून दाताखाली येतोय. असे संबंध गुन्हा ठरवणारं १८६०च्या दंडसंहितेतलं हे ३७७ कलम संसदेने काढायला नको होतं? सरकारने तर 'कोर्टाला योग्य वाटेल ते' म्हणून हात झटकले. दिल्ली हायकोर्टाने २००९मध्ये दिलेलं हेच संरक्षण सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये काढून घेतलंच होतं की! लोकमत नसताना दिलेलं संरक्षण टिकतं का? मतं येऊ द्या, शिवीगाळ नको.

सरळरेषा
बंद दाराआड कोण काय करतं याच्याशी मला देणंघेणं नाही. पण समाजाला न पचणारा कायदा केला की लोक कायद्यालाच हसतात. हुंडाबंदी १९६१पासून आहे. कोण पाळतं?

वकिलीण
तुलना चुकली. हुंडाबंदी पाळायला लाखो घरांना वागणं बदलावं लागतं. इथे तुम्हाला काय बदलायचंय? काहीही नाही. फक्त पोलिसाला कुणाच्या बेडरूममध्ये शिरायचं कारण उरत नाही.

आणि काठावरचा, संसदेचं म्हणताय तर ऐका. डिसेंबर २०१५मध्ये शशी थरूर यांनी ३७७ बदलण्याचं खासगी विधेयक नुसतं मांडायची परवानगी मागितली. बाजूने २४, विरोधात ७१. एवढ्या मोठ्या सभागृहात शंभर डोकीही नव्हती. मार्च २०१६मध्ये पुन्हा तेच, १४ विरुद्ध ५८. कोर्ट संसदेकडे बोट दाखवणार, संसद चर्चेलाच नाही म्हणणार, मग माणसाने जायचं कुठे? २०१३च्या निकालात तर 'हे लोक अगदीच मूठभर' असाही सूर होता. मूठभर आहेत म्हणूनच कोर्टात गेले ना? बहुसंख्य असते तर मतपेटीतूनच निभावलं असतं.

गवती चहा
एरवी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. २०१६ची गोष्ट. माझा आतेभाऊ अ‍ॅपवर ओळख झालेल्या एकाला भेटायला गेला. खोलीत आणखी दोघं दबा धरून. फोटो काढले आणि म्हणाले, "पोलिसात जातोस? जा ना, आत तूच जाशील." याने बाईक विकून पैसे भरले, घरी सांगितलं चोरीला गेली. मामंजी, म्हणजे त्याचे वडील, तक्रार द्यायला निघाले, चपला घालत होते, तर हा दारातच रडायला लागला. कुणाला काही कळेना.

२०१९मध्ये त्याच्या मित्राशी अगदी हेच झालं. तो चौकीत गेला. फौजदाराने नाक मुरडलं, दोन घाणेरडे विनोद केले आणि तक्रार लिहून घेतली. फौजदाराचं मत तसूभर बदललं नव्हतं हो. तक्रारदारालाच आत टाकायची धमकी तेवढी देता येत नव्हती.

सरळरेषा
वाईट वाटलं. पण खंडणी तेव्हाही गुन्हाच होता. माझी भीती पुढची आहे. आज हे, उद्या लग्न.

आकडेमोड
लग्नाचा प्रश्न कोर्टाने ऑक्टोबर २०२३मध्ये संसदेवरच सोडलाय, तेव्हा निश्चिंत असा. लोकमताचं म्हणाल तर प्यू या संस्थेच्या पाहणीत समलैंगिकता समाजाने स्वीकारावी म्हणणारे भारतीय २०१४मध्ये १५ टक्के होते, २०१९मध्ये ३७. मधे २०१८चा निकाल येतो, पण श्रेय लगेच निकालाला देऊ नका. अमेरिकेत २००३मध्ये कोर्टाने असाच निकाल दिल्यावर गॅलपच्या चाचणीत पाठिंबा दोनेक महिन्यांत ६० टक्क्यांवरून ५०च्या आसपास घसरला होता. नंतर चढला. अशा पाऱ्यावर कुणाचा तुरुंगवास ठरवणार?

काठावरचा
पटतंय. तरी प्रा. रामचंद्र सिरस डोक्यातून जात नाहीत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१०मध्ये कॅमेरा घेऊन लोक त्यांच्या घरात शिरले. तेव्हा दिल्लीचा निकाल लागून सात महिने झाले होते, तरी विद्यापीठाने निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने निलंबन स्थगित केलं आणि आठवड्याभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. कायदा बाजूने होता, आजूबाजूचे लोक नव्हते.

गवती चहा
पण हायकोर्टात ताठ मानेने उभे राहिले ना? माझा आतेभाऊ चौकीच्या पायरीपर्यंतही गेला नाही.

वकिलीण
तुम्हाला संसदेने केलेला बदलच हवा ना, मग हा घ्या. १ जुलै २०२४पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता लागू झाली, त्यात ३७७ मुळापासून गायब. जबरदस्तीपुरतं ते ठेवा असं संसदीय समितीने सांगितलं होतं, ऐकलं नाही. आता सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर बलात्काराचं कलमच लागत नाही. मारहाण, इजा वगैरेंवर भागवायचं. यावर लोकमत कुणी घेतलं? सरळरेषा, निदान इथे तरी माझ्या बाजूने याल?

सरळरेषा
इथे हो. लग्नावर नाही.