किरायदार निघत नाही, तर लाईट कापायची का?

मानेवाडेकर
वरचा मजला किरायाने दिला. अकरा महिन्यांचा करार संपला, चार महिन्यांचा किराया बाकी, आणि साहेब म्हणतात, "पाहू ना भाऊ, पोराची परीक्षा होऊ द्या." घर माझं, टॅक्स मी भरतो, मीटर माझ्या नावावर. कनेक्शन काढलं तर चुकलं कुठे? कोर्टात गेलो तर ताबा नातवालाच मिळेल. माझं मत सरळ आहे, कापून टाकायची. बोला.

इतवारीचा किरायदार
कापा खुशाल. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ तेवढ्याचसाठी आहे. पाणी-वीज तोडली की किरायदार कोर्टातून ती चालू करून घेतो आणि उद्या तुमच्याच विरुद्ध कागद तयार. कुलूप ठोकलं तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबाही परत मिळवू शकतो. आमच्या चाळीत मालकानं नळ बंद केला होता. बायका घागरी घेऊन त्याच्याच ओसरीवर जाऊन बसल्या, संध्याकाळी नळ सुरू.

धंतोलीची वकील
करार रजिस्टर केला होता की नुसता नोटरी?

मानेवाडेकर
पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी. सगळे तसंच करतात, मॅडम. अकरा महिन्यांचा रजिस्टर करावा लागत नाही.

धंतोलीची वकील
लागतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मुदत पाहत नाही. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल किरायदार म्हणेल ते खरं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.
राहत्या घराचा लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा करार, नोंदवला असता, तर मुदत संपताच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता आला असता. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत किरायदारानं बाजू मांडायची परवानगी मागायची, नाहीतर सरळ बाहेर काढण्याचा आदेश. मुदतीनंतर राहिला त्या काळाचे पैसे दुप्पट. नोंदणीचे चार पैसे वाचवायला गेलात, भाऊ.

महालवाला
मॅडम, तुमचं पुस्तक ठीक आहे, पण जुन्या किरायदाराचं काय? आमचं दुकान आजोबांनी दिलं. २००० च्या आधी विदर्भात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता, खाली करायची नोटीस द्यायलाच रेंट कंट्रोलर नावाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागे. आता परवानगी गेली, पण किरायात वाढ वर्षाला ४ टक्के. किरायात चहा-नाश्ताही होत नाही, आणि त्या शटरला वर्षानुवर्षं कुलूप! हा कायदा मालकाला भिकारी करतो.

इतवारीचा किरायदार
शटर बंदच आहे ना? मग सयुक्तिक कारणाशिवाय सहा महिने वापर नसणं हेच किरायदाराला काढायचं कलम १६ मधलं एक कारण आहे. दावा टाकायचा सोडून रडून काहून राहिले?

महालवाला
सणाला येऊन अगरबत्ती लावतो, फोटो काढतो, "वापर चालू आहे" म्हणतो. तुम्ही लढा अशा माणसाशी.

मानेवाडेकर
माझं सांगा, मॅडम.

धंतोलीची वकील
थकबाकीची रीतसर लेखी नोटीस द्या. ९० दिवसांत भरलं नाही, तर दावा. लाईटला हात लावू नका.

मानेवाडेकर
म्हणजे अजून तीन महिने फुकट? आणि दाव्यानंतर त्यानं पैसे आणून टाकले तर?

धंतोलीची वकील
समन्सपासून ९० दिवसांत १५ टक्के व्याज आणि खर्चासकट भरले, आणि पुढचा किराया वेळेवर देत राहिला, तर थकबाकीवर घर खाली होत नाही. पैसे मात्र मिळतात.

मानेवाडेकर
मले पैसे नाही, घर पाहिजे!