अलायनरचा ट्रे हळदीने पिवळा पडलाय, वासही येतो, काय करू?

गोदाकाठची
मला अलायनर (दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे) लावून दीड महिना होत आला. एकूण २२ ट्रे, दर १० दिवसांनी बदलायचा, सध्या पाचवा चालूय. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत, कॉलेजपासून प्रत्येक फोटोत मी तोंड मिटूनच उभी आहे, त्यामुळे हे मनापासून करायचंय. डॉक्टरांनी रोज २२ तास घालायला सांगितलंय पण ऑफिसात चार वेळा चहा होतो, दर वेळी काढा, चूळ भरा, परत घाला हे जमेना म्हणून गेला आठवडाभर ट्रे घालूनच प्यायले, घरी आमटीची चवही तशीच घेतली. आता ट्रे पिवळा झालाय आणि दातांवर चिकटवलेले ते ठिपकेही. सकाळी काढला की वास येतो. आई म्हणते बाळाच्या बाटल्यांसारखा उकळून घे. उकळू का? शिवाय डाव्या सुळ्यापाशी ट्रे नीट बसत नाही, फट दिसते. परवा सहावा घालायचाय, घालू का?

मिरजेची_ओवी
अगं उकळू नकोस!! मी गरम पाणी ओतलं होतं, मिनिटभरात ट्रेची एक बाजू आत वळली, परत दातावर बसलाच नाही, मग डॉक्टरांना फोन करून पुढचा घालू की आधीचा हे विचारावं लागलं. साधं पाणी, मऊ ब्रश आणि हात धुवायचा बिनरंगाचा लिक्विड सोप, बस. टूथपेस्ट पण नको, त्यातल्या खरखरीने बारीक चरे पडतात आणि घाण तिथेच बसते. तोंडातून काढला की लगेच धू, वाळू दिलास तर थर बसतो आणि वास त्याचाच असतो. चहा मी दोनवर आणला, जेवणाला जोडून, म्हणजे वेगळा वेळ जात नाही. आणि डबी कायम जवळ ठेव. लग्नाच्या पंगतीत मी ट्रे पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, वाढप्याने ताटासकट उचलला, खरकट्याच्या पिंपात हात घालून शोधला तरी नाही मिळाला.

दातांची_डॉक्टर
मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे वाकडे दात सरळ करणारी डॉक्टर. फट असताना सहावा ट्रे घालू नका. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटरच हलवतो. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरत येतं, आणि त्यासाठी दाब सलग लागतो. तास कमी पडले की दात मागे राहतो, ट्रे पुढे जातो, तीच ही फट. पाचवाच अजून काही दिवस घाला, रबरी च्युई मिळते ती सुळ्यापाशी दिवसातून दोनतीनदा पाच-पाच मिनिटं चावा. तरी फट राहिली तर तुमच्या डॉक्टरांना दाखवाच. तिथला ठिपका निघालाय का हेही आरशात बघा, दात वळवायला पकड त्याचीच असते आणि चिक्की, चकलीने तो निघतो. ठिपक्यांच्या पिवळेपणाची काळजी नको, ते शेवटी काढायचेच असतात. मला जास्त काळजी चहाची वाटते, गोड चहा ट्रेखाली साचून राहतो, लाळ तिथे नीट पोचत नाही आणि सरळ होणाऱ्या दातालाच कीड लागते. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. आधीचा ट्रे टाकून देऊ नका, हरवलं तर तोच कामाला येतो.

ठाण्याची_ताई
मी पुढचं सांगते कारण मला हे कोणी ठासून सांगितलं नव्हतं. दहावीत तारा लावल्या होत्या, दात सुंदर झाले, रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून नंतर घालायचा असतो तो) सहा महिने घातला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. खालचे दात हळूहळू परत वाकडे झाले, इतके हळू की मला कळलंच नाही. आता चौतिसाव्या वर्षी पुन्हा अलायनर, पुन्हा पैसे. संपल्यावर रोज रात्री रिटेनर घाल गं, डॉक्टर सांगतील तितकी वर्षं घाल. आणि सुरुवातीचे दोन दिवस नवा ट्रे ठणकतो म्हणून रात्री झोपताना बदल, पहिला ठणका झोपेत निघून जातो.

गोदाकाठची
सगळ्यांना मनापासून थँक्यू. ठिपका आहे जागेवर, बघितला. पाचवाच ठेवला आणि च्युई चावतेय, आज चौथा दिवस, आधी फटीत नखाचं टोक जायचं ते आता जात नाही. पर्समध्ये डबी टाकलीय. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, ट्रे घालूनच चहा प्यायले होते हेही त्यांना सांगणार आहे.