‘उपदंशाची साथ’ की ‘उद्रेक’?

तापीकाठ (भुसावळ): आरोग्य शिबिरासाठी पत्रक मराठीत करतेय. विषय, शहरातल्या एका वस्तीत वाढलेला सिफिलिस, म्हणजे लैंगिक संबंधातून लागणारा रोग. मी ‘उपदंशाची साथ’ लिहिलं, डॉक्टरांनी खोडून ‘उद्रेक’ केलं. उद्रेक ज्वालामुखीचा होतो ना? साथ सगळ्यांना कळते.

अमळनेरकर: ताई, साथ म्हटलं की पटकी, फ्लू डोळ्यांसमोर येतात. एका जागी, ठरावीक काळात अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण निघाले की उद्रेक. आरोग्य खात्यात हाच शब्द रुळलाय.

शब्दवेडा (धुळे): मुळात ‘उपदंश’च चुकलाय. सुश्रुतातला उपदंश जननेंद्रियाच्या अनेक विकारांना लागतो. सिफिलिसला सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात वेगळं नाव आहे, फिरंग रोग, म्हणजे फिरंग्यांचा. तेच लिहा.

अमळनेरकर: नको भाऊ. इटलीत याला फ्रेंच रोग म्हणायचे, फ्रान्समध्ये नेपल्सचा. रोगाला कुणाचं नाव चिकटलं की ती माणसं तोंड लपवतात. पत्रकात वस्तीचंही नाव नको, तपासणीला कुणी फिरकणार नाही.

जळगावची सिस्टर: आमच्याकडे माणूस उपदंशही सांगत नाही, फिरंगही नाही. ‘ताई, आंगमा गरमी शे.’ तोंड आलं तरी गरमी, उन्हाळी लागली तरी गरमी. एक हमालदादा आले होते. आधी लघवीच्या जागी चट्टा उठलेला, दुखत नव्हता. घरच्यांनी सब्जा नि गुलकंद दिला. महिन्याभरात चट्टा गेला, गुलकंदाचा गुण आला म्हणाले. तो चट्टा औषधाविनाही ३ ते ६ आठवड्यांत भरतो, रोग आतच राहतो! पुढे तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग उठले तेव्हा आमच्याकडे आले. बायको पाच महिन्यांची गरोदर. दोघांचं रक्त तपासलं, दोघांना पेनिसिलिन दिलं. उशीर झाला असता तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतलं असतं. ‘गरमी’ लिहू नका, हात जोडते.

शब्दवेडा: पण ताई, शब्द लोकांचाच आहे. आमचे आजोबा ‘गरमी-परमा’ जोडीनं म्हणायचे. परमा म्हणजे गनोरिया, शब्द प्रमेहावरून आला. गरमी काढली तर पत्रक वाचणार कोण?

जळगावची सिस्टर: मग ‘उन्हाची नाही, संबंधातून लागणारी गरमी’ असं फोडून लिहा.

तापीकाठ: हे घेते. आणि ‘पार्टनर’? ‘जोडीदार’ लिहिलं की लोक नवरा-बायकोच धरतात.

जळगावची सिस्टर: आम्ही ‘ज्यांच्याशी संबंध आला ते सगळे’ म्हणतो. नुसता चट्टा असला तरी निदान मागचे ३ महिने विचारतो, कारण लागण झाल्यावर तो उठायला ९० दिवसही लागतात.

शब्दवेडा: ‘सोबती’ लिहा.

अमळनेरकर: सोबती शाळेतला असतो, भाऊ.