दोघांपैकी एकच कासव वाढतंय?
एका टाकीतल्या दोन रेड-इअर्ड स्लायडर (कानाशी लाल पट्टा असलेल्या, पाण्यातल्या) कासवांपैकी एकच वाढतंय, म्हणजे दुसरं आजारी, असं वाटू शकतं. तसं असेलच असं नाही. या जातीत मादी नरापेक्षा बरीच मोठी होते, 25-30 सेंमीपर्यंत. लहान्याच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक नि शेपटी जाड असेल तर तो नर समजा. दुसरीच्या तोंडासमोर नखं थरथरवतो ते बहुतेक वेळा भांडण नव्हे, प्रियाराधन! पण मोठं कासव धाकट्याला ऊन खायच्या दगडावरून ढकलत असेल, खाणं हिसकावत असेल, तर टाक्या वेगळ्या कराच. सोबतीची हौस आपली, कासवांना तिचं काही नसतं. आणि हो, खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही. काच यूव्हीबी (उन्हातले, कवचाला लागणारे अतिनील किरण) अडवते, मग कवच मऊ पडतं.