गावासाठी एईडी घ्यावे का? वार्षिक सभेपूर्वीची चर्चा

धागाकर्ता (परळ)

आपल्या मुंबई मंडळाची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे आणि शिलकीतून गावासाठी एक एईडी, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने सुधारणारे स्वयंचलित डिफिब्रिलेटर यंत्र घ्यावे, असा ठराव मी मांडणार आहे. सभेत आरडाओरड होऊन विषय बारगळण्यापेक्षा आधी येथे शांतपणे बोलावे, म्हणून हे लिहीत आहे.

गेल्या शिमग्यात पालखी नाचवताना आपल्यातला एक जण कोसळला, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. 108 ला फोन लगेच गेला, परंतु संगमेश्वराकडून घाट चढून गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे यंत्र असते तर तो वाचला असता, असा दावा मी करणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या चाळीस मिनिटांत आपण दोनशे माणसे भोवती उभी होतो आणि कांदा हुंगवणे व पाणी मारणे याखेरीज कोणाला काहीही सुचले नाही.

हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागले की छातीवर दाब आणि विजेचा झटका यांवाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. अमेरिकेतील कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांच्या हाती ही यंत्रे दिली, तेव्हा कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी 74 टक्के वाचले आणि त्यानंतर मिळालेल्यांपैकी 49 टक्के, असा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला आहे. ब्रिटनमध्ये खेडोपाडी बंद पडलेल्या लाल टेलिफोन पेट्या गावांनी एका पौंडाला ताब्यात घेऊन त्यांत ही यंत्रे बसवली. आपल्या सहाणेवर, म्हणजे देवळाच्या आवारात पालखी टेकवतात त्या ओट्यावर, एक पेटी बसवणे इतके अशक्य आहे काय?

शंकासुर (डोंबिवली)

आपल्या तळमळीबद्दल शंका नाही, ठरावाबद्दल मात्र आहे. कॅसिनोचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते, कारण तेथे प्रत्येक कोपऱ्यावर कॅमेरा असतो, पगारी रक्षक असतो आणि यंत्र हाकेच्या अंतरावर असते. आपल्या गावात चार वाड्या आहेत आणि वरच्या वाडीतून सहाणेपर्यंत उतरायला पंधरा मिनिटे, तर परत चढायला वीस मिनिटे लागतात. आपण दिलेल्याच हिशोबाने मिनिटे मोजून पाहा.

शिवाय माणसे बहुतांशी घरातच कोसळतात. ज्यांना आधीच हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला आहे, अशा सुमारे सात हजार रुग्णांच्या घरात थेट यंत्र ठेवून पाहण्याचा प्रयोग झाला आणि 2008 साली त्याचा निष्कर्ष आला, तेव्हा यंत्र असलेल्या व नसलेल्या घरांतील मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यंत्र घरात असून ही स्थिती, तर आपले यंत्र डोंगराखाली असणार आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम आठवावे. कोकणात विंचूदंशाने पटापट माणसे मरत असताना त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून ते मृत्यू आटोक्यात आणले. उपाय आपल्या मातीतल्या रोगाला आणि आपल्या खिशाला साजेसा असावा, एवढाच माझा आग्रह आहे. लाखभर रुपयांत वाडीवाडीवरच्या लोकांचे रक्तदाब नियमित तपासून औषधे देता येतील.

निवृत्त परिचारिका (घाटकोपर)

शंकासुर दादा, आपण अभ्यास अर्धाच सांगितलात. त्या घरगुती प्रयोगात दोन्ही गटांतील कुटुंबीयांना छातीवर दाब द्यायला शिकवले होते, म्हणजे तुलना 'काहीच नाही' याच्याशी नव्हती. सार्वजनिक ठिकाणांवर भर असलेला दुसरा मोठा प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ दाब शिकलेल्या स्वयंसेवकांच्या गटात 15 जण वाचले आणि दाबासोबत यंत्रही दिलेल्या गटात 30. म्हणजे आधी हात, मग यंत्र, असा हा क्रम आहे.

यंत्राविषयीचे दोन गैरसमजही दूर करते. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस छातीत दुखते म्हणून बोलत असतो, त्याला या यंत्राचा उपयोग नाही. जो बेशुद्ध आहे आणि ज्याचा श्वास थांबला आहे किंवा अधूनमधून आचके लागल्यासारखा येतो आहे, त्याच्यासाठी ते आहे. दुसरे म्हणजे यंत्र स्वतः लय तपासते आणि झटक्याने सुधारणारी लय नसेल तर बटण दाबूनही झटका देत नाही, त्यामुळे अडाणी माणसाच्या हातून कोणी मरेल ही भीती निराधार आहे. शेतातील पंपाचा शॉक लागल्यावर हीच थरथर होऊ शकते, तेव्हा हा केवळ म्हाताऱ्यांचा प्रश्नही नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनीही टाळली. यंत्राचे पॅड, म्हणजे झटका पोहोचवणारे चिकट पट्टे, उघड्या, कोरड्या छातीवर चिकटवावे लागतात. कोसळलेली व्यक्ती बाई असेल तर भर सहाणेवर तिची चोळी कोण सैल करणार, मंगळसूत्र कोण बाजूला सारणार? परदेशांतही अनोळखी स्त्रीला मदत करताना लोक कचरतात. आपल्याकडे हे आधी बोलून ठेवले नाही, तर यंत्र हातात असूनही माणसे एकमेकांकडे पाहत राहतील. शिकवणीत निम्म्या बायका हव्यात, ही माझी अट आहे.

जुना खजिनदार (लालबाग)

मी बारा वर्षे मंडळाचे पैसे सांभाळले, म्हणून रुक्षपणे लिहितो. आपण गावाला दिलेले सौर दिवे आठवा. उद्घाटनाचे फोटो अजून खोलीत लावलेले आहेत, दिवे मात्र दुसऱ्या पावसाळ्यातच विझले, कारण बॅटरी कोणी बदलायची हे कधी ठरलेच नव्हते.

एईडी हे एकदा घेऊन विसरण्याचे यंत्र नाही. त्याला रोजची वीज लागत नाही हे खरे, परंतु बॅटरीला काही वर्षांची मुदत असते आणि पॅडवरचा चिकट थर वाळत असल्याने ते न वापरताही साधारण दोन वर्षांनी बदलावे लागतात. एकदा वापरले की पॅड टाकूनच द्यायचे, म्हणजे दुसरी जोडी पेटीत तयार हवी. ब्रिटनमध्ये पेट्यांना थंडीसाठी हीटर लावतात. आपल्याला चिंता आहे ती एप्रिलात तापणाऱ्या पत्र्याची आणि चार महिन्यांच्या दमट हवेची, कारण अशी यंत्रे सहसा 50 अंशांपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेली असतात.

यंत्र स्वतःची तपासणी करून हिरवा दिवा दाखवते, पण तो पाहणारा कोणी असावा लागतो. गुरव रोज पूजेला येतोच, त्याने दिवा पाहून वहीत खूण करावी, असे मला प्रथम वाटले होते. मग लक्षात आले की मूळ जागाच चुकते आहे. मध्यरात्री बौद्धवाडीतला मुलगा आपल्या बापासाठी धावत आला, तर तो देवळाच्या आवारात शिरताना क्षणभर तरी थबकेल, आणि आपण ते कबूल केले पाहिजे. एसटी थांब्याजवळच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर पेटी लावावी. मालक वरच राहतो आणि चारही वाड्या त्याच्या दारात येतात. कुलूप नको. चोरीची भीती वाटते त्यांनी सांगावे की चोरलेले यंत्र आपल्या पंचक्रोशीत कोण विकत घेणार आहे.

शंकासुर (डोंबिवली)

जागेबद्दलचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही विचारतो, वापरणाऱ्यावर उद्या ठपका आला तर? 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 134अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देते, परंतु ते रस्त्यावरील मोटार अपघातापुरते आहे. आणि गावातली तरणी पोरे मुंबईला आलेली असताना शिकवायचे कोणाला?

निवृत्त परिचारिका (घाटकोपर)

जे गावात राहतात त्यांनाच. आशाताई, अंगणवाडी सेविका, दुकानदार, रिक्षावाले आणि बचतगटातल्या बायका. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली सामान्य लोकांसाठी तोंडाने श्वास न देता केवळ दाब देण्याची पद्धत मांडली. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रौढाच्या छातीत किमान 5 सेंटिमीटर खोल. जात्यावर दळलेल्या हातांना हे जड जाणार नाही, मात्र दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. ठपक्याविषयी म्हणाल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. त्याने कायदा बदलणार नाही, पण गाव मागे उभे आहे हे तरी नोंदले जाईल.

धागाकर्ता (परळ)

मी ठराव बदलतो आहे. या गणपतीला चाकरमानी गावी असतील तेव्हा चारही वाड्यांत पुतळ्यावर दाब देण्याची शिकवणी घ्यावी आणि ती शिमग्यात पुन्हा घ्यावी. त्यानंतर वर्षभरात किमान तीस गावकरी शिकलेले असतील तरच यंत्र घ्यावे, तेही मराठीत किंवा निदान हिंदीत सूचना बोलणारे, आणि पाच वर्षांच्या पॅड-बॅटरीचे पैसे त्याच दिवशी बँकेत वेगळे ठेवून. वरच्या वाडीचे अंतर यामुळे कमी होत नाही, हे शंकासुर यांचे म्हणणे मी ठरावाच्या टिपणीत जसेच्या तसे लिहितो.

जुना खजिनदार (लालबाग)

वेगळे खाते काढणार असाल तर सहीचा दुसरा अधिकार गावातल्या कोणाकडे तरी द्या. सौर दिव्यांच्या वेळी चेकबुक लालबागेत होते.