बेसमेंटमधला रेडॉन: ६.८ आलाय, काय करावं?

प्रेषक: शर्वरी, ब्रिजवॉटर

नमस्कार मंडळी,

इथेच एक घर पसंत पडलंय. इन्स्पेक्शनमध्ये बेसमेंटचा रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) ६.८ पिकोक्युरी प्रति लिटर आला, म्हणजे हवेतला किरणोत्सार मोजायचं एकक. विकणाऱ्यांचा एजंट म्हणतो, "न्यू जर्सीत सगळीकडेच असतो, एवढं मनावर घेऊ नका." पण माझं ऑफिस बेसमेंटमध्येच होणार आणि भारतातून आई-बाबा आले की त्यांची खोलीही तिथेच. घर सोडून द्यावं का?

प्रेषक: मोहन, हंटरडन काउंटी

शर्वरी,

घर सोडू नकोस, पण एजंटच्या बोलण्यावर विसंबूनही राहू नकोस. ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संस्था, ४ किंवा त्याहून वर असेल तर दुरुस्ती करायला सांगते, २ ते ४ च्या मधेही विचार करा म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर साधारण २.७ ची आहे.

जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून हा वायू बनतो. रंग नाही, वास नाही. थंडीत हीटिंग चालू असलं की घरातली गरम हवा वर जाते आणि बेसमेंटच्या जमिनीच्या स्लॅबच्या भेगांतून, संप पंपाच्या (साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यातून जमिनीतली हवा आत ओढली जाते. रेडॉनपासून तयार होणारं पोलोनियम श्वासातून फुप्फुसांत जाऊन चिकटतं आणि तिथेच अल्फा कण, म्हणजे पेशींना इजा करणारे किरणोत्सारी कण, सोडतं. खोकला नाही, डोकेदुखी नाही. कळतं ते वर्षानुवर्षांनी, कॅन्सर होऊनच. ईपीएच्या अंदाजाने अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० लोक याने जातात आणि त्यातल्या सुमारे २,९०० जणांनी कधी सिगारेट ओढलेली नसते. ओढणाऱ्यांना धोका कितीतरी पट जास्त. घरात कोणी ओढत असेल तर हे त्याच्या कानावर नक्की घाल.

आपल्या भागाचा इतिहासही माहीत असावा. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनियर कामावर आले की किरणोत्साराचा गजर वाजायचा. केंद्र तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं! तो किरणोत्सार ते घरून अंगावर घेऊन येत होते. घरातली पातळी २,७०० च्या आसपास निघाली. त्या घराखालचा रीडिंग प्राँग हा खडकांचा पट्टा पुढे आमच्या हंटरडनमधून ससेक्सपर्यंत जातो. तुझी सॉमरसेट काउंटीही ईपीएच्या नकाशावर सर्वांत जास्त रेडॉनच्या गटात आहे.

काम म्हणशील तर सोपं आहे. स्लॅबला भोक पाडून खाली पीव्हीसी पाइप घालतात, तो छताच्या वर नेतात आणि पंख्याने खालची हवा सतत खेचतात. खर्च साधारण हजार ते अडीच हजार डॉलर. विकणाऱ्याकडून काम करून घेऊ नकोस, किमतीत क्रेडिट (तेवढी सूट) माग आणि राज्याचं सर्टिफिकेट असलेला कॉन्ट्रॅक्टर स्वतः निवड. नाहीतर जो स्वस्तात मिळेल तो येतो.

प्रेषक: वैशाली, हिल्सबरो

मोहनकाकांशी शंभर टक्के सहमत. शेजाऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका. आमच्या शेजारच्या घरात १.४ होता, एकाच बिल्डरची घरं, आणि आमच्याकडे ९ च्या वर निघाला. एअर प्युरिफायर घेऊन किंवा नुसत्या भेगा बुजवून हे भागत नाही. ग्रॅनाइटच्या काउंटरटॉपची चिंता मात्र सोडा, खरा मामला जमिनीचा आहे.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते आपल्या आई-वडिलांची. सहा-सहा महिने येतात, जिने नकोत म्हणून वॉकआउट बेसमेंटमध्ये (थेट अंगणात दार असलेल्या) राहतात, आणि थंडी सोसत नाही म्हणून खिडकी कधी उघडत नाहीत. भारतातल्या घरी दिवसभर दारं-खिडक्या उघडी असतात, त्यामुळे हा विषयच त्यांना माहीत नसतो. मंडळींनो, जुनं घर असो की नवं, हार्डवेअरच्या दुकानात टेस्ट किट मिळतं, ते आणाच. बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवा, किटमधली डबी जमिनीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा आणि टेस्टची मुदत संपली की लगेच लॅबला पाठवा.

प्रेषक: शर्वरी

काका, वैशालीताई, खूप आभार. क्रेडिट मागतेच. पंखा बसवल्यावर तो चालतोय हे कसं कळतं?

प्रेषक: मोहन

पाइपवर यू आकाराची छोटी नळी असते, आत रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वर-खाली दिसली की ओढ चालू आहे. दोन्ही सारख्या झाल्या तर पंखा बंद पडला असं समज आणि त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरला फोन लाव. काम झाल्यावर महिन्याच्या आत पुन्हा टेस्ट कर, पण त्या टेस्टआधी पंखा चोवीस तास तरी चालू दे. पुढे दर दोन वर्षांनी.